ग्लॉसी की मॅट: सुदामा नगरच्या हॉलचं काम कुठवर आलं

हॉलची मापं घेऊन झाली, आरशाची चाचणी झाली, मागच्या भिंतीवरची ट्यूब हलवली आणि टीव्हीचे दोन्ही प्रकारचे पॅनेल, चकचकीत पृष्ठभागाचं ग्लॉसी आणि खडबडीत पृष्ठभागाचं मॅट, सारख्या उजेडात पाहून झाले. ६५ इंचासाठी ग्लॉसी नक्की झालंय. ८५ इंचाला हिशोब बदलतो, तोही खाली मांडलाय, कारण इंदूरच्या नव्या फ्लॅटांमध्ये हल्ली ती साइजही विचारली जाते.

खोली १२ बाय १४ फूट. टीव्ही पूर्वेच्या १२ फुटी भिंतीवर, समोर पश्चिमेच्या भिंतीत खिडकी, बाजूला दक्षिणेच्या भिंतीत दुसरी खिडकी. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे स्क्रीनपासून ३ मीटर, मागची भिंत स्क्रीनपासून साधारण ४ मीटर. स्क्रीनचा मध्य जमिनीपासून १.१ मीटर, डोळे १.०५ मीटर. एवढे आकडे हाताशी असले की अर्धा निर्णय कागदावर होतो.

मॅट स्क्रीन उजेड कमी करत नाही, पसरवते. दुकानात हे कुणी सांगत नाही आणि बहुतेक चुकीच्या खरेदीचं मूळ इथेच असतं. साध्या काचेचा एक पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो. चांगल्या ग्लॉसी टीव्हीवर त्यावर अतिशय पातळ थर दिलेला असतो. एकेरी थर असेल तर त्याची जाडी थरातल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव ठेवतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर आणि हिरवा प्रकाश धरला तर ती सुमारे १०० नॅनोमीटर येते. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, म्हणून परावर्तन खरोखर घटतं. सगळ्या रंगांना ते सारखं जमत नाही, म्हणून उरलेलं प्रतिबिंब जांभळट किंवा हिरवट दिसतं. मॅटमध्ये पृष्ठभागच बारीक खडबडीत असतो. ट्यूबची रेघ मोडते, पण तो उजेड जात कुठेच नाही, धुक्यासारखा स्क्रीनभर बसतो. महागड्या मॅटमध्ये खडबडीतपणा आणि थर दोन्ही असतात, तेव्हा धुकं कमी होतं, संपत नाही.

आता आकडे. २० वॉटची ४ फुटी एलईडी ट्यूब सुमारे २००० ल्यूमेन देते. दिसणारा पट्टा १.२ मीटर बाय ३ सेंमी धरला तर तिची चमक सतरा-अठरा हजार निट (चमक मोजायचं एकक) येते. ग्लॉसी स्क्रीनने त्यातला १ टक्का जरी आरशासारखा परत दिला तरी १७५ निटची पांढरी रेघ चित्रावर उभी राहते. साध्या चित्रातला पांढरा रंग १०० ते २०० निटचा असतो, म्हणजे ती रेघ चेहऱ्यावरून आरपार जाणार. इथे मॅट एकहाती जिंकते.

बाजूच्या खिडकीचा उजेड घ्या. स्क्रीनवर १५० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतायत आणि मॅटचं पसरट परावर्तन २ टक्के आहे असं धरा. १५० गुणिले ०.०२ भागिले ३.१४, म्हणजे ०.९५ निट. आता काळ्याची खालची मर्यादा तीच. १०० निट पांढऱ्यावर आणि २.४ गॅमावर (सिग्नलची चमक किती करायची ते ठरवणारा आकडा) १० टक्क्यांचा सिग्नल फक्त ०.४ निट असतो. रात्रीच्या दृश्यातले केसांचे, काळ्या शर्टाच्या घडीचे बारकावे याच पट्ट्यात असतात आणि ते सगळे त्या धुक्याखाली जातात. ग्लॉसीला हीच बाजूची खिडकी जवळपास कळत नाही, कारण तिचा उजेड आरशाच्या नियमाने भलतीकडे निघून जातो, डोळ्यांकडे येत नाही.

म्हणून प्रश्न "खोलीत उजेड किती" हा नसून "उजेडाचा उगम प्रतिबिंबात येतो का" हा आहे.

तो शोधायला टीव्ही विकत घ्यावा लागत नाही. ६५ इंच म्हणजे १४४ बाय ८१ सेंमी. भिंतीवर मास्किंग टेपने तेवढा चौकोन आखा. एकाने हातातला आरसा भिंतीला सपाट लावून चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये धरायचा, दुसऱ्याने सोफ्यावर बसून काय दिसतं ते लिहायचं. आरसा भिंतीला चिकटूनच हवा, जरा वाकडा धरला की सगळी नोंद चुकते. सोफ्याच्या प्रत्येक जागेवरून हे करा, फक्त मधल्या जागेवरून नको.

कागदावरचं गणितही सोपं आहे. स्क्रीनची रुंदी गुणिले (बसण्याचं अंतर अधिक मागच्या भिंतीचं अंतर), भागिले बसण्याचं अंतर. ६५ इंचाला १.४४ गुणिले ७ भागिले ३, म्हणजे मागच्या भिंतीचा ३.३६ मीटर रुंद भाग प्रतिबिंबात येतो. खोली ३.६६ मीटर रुंद, म्हणजे मधल्या जागेवरून बाजूच्या भिंती जेमतेम बाहेर राहतात. ८५ इंचाची रुंदी १.८८ मीटर. तेच गणित ४.३९ मीटर देतं, म्हणजे मागची भिंत पूर्ण आणि बाजूच्या भिंतींचा शेवटचा सव्वा मीटरभरही आत आला. मधल्या जागेपासून ८० सेंमी उत्तरेकडे सरकून बसलेल्याला ६५ इंचावरही दक्षिणेची भिंत स्क्रीनपासून सव्वादोन मीटरच्या पुढे दिसायला लागते. इथली दक्षिणेची खिडकी नेमकी तिथेच आहे. मधल्या जागेवर तक्रार शून्य आणि कोपऱ्यात बसणाऱ्याला खिडकी दिसते, त्याचं कारण हे.

उंचीचं गणित आणखी कामाचं निघालं. ६५ इंचाची वरची कड जमिनीपासून १.५ मीटरवर येते आणि तिच्यातून मागच्या भिंतीचा २.१ मीटरपर्यंतचा भाग दिसतो. ८५ इंचाच्या वरच्या कडेतून २.४ मीटरपर्यंत. आपल्याकडे ट्यूब साधारण साडेसात ते आठ फुटांवर, म्हणजे २.३ ते २.४ मीटरवर लावतात. एकाच घरात, त्याच ट्यूबखाली ६५ इंची ग्लॉसी निर्धास्त चालते आणि ८५ इंचीत वरच्या कडेला ट्यूब उगवते. शेजाऱ्याकडचा टीव्ही पाहून साइज वाढवणाऱ्यांनी एवढा एक हिशोब तरी करावाच.

उपाय दोन. पहिला, टिल्ट माउंट. स्क्रीन ३ अंश पुढे झुकवली की प्रतिबिंब ६ अंश खाली जातं, म्हणजे ४ मीटरवर सुमारे ४२ सेंमी. ८५ इंचाची २.४ मीटरची हद्द दोन मीटरच्या आसपास येते आणि ट्यूब सुटते. मात्र झुकवल्यावर खालच्या भागात फरशी येते. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर खिडकीचा पट्टा पडत असेल तर तोच स्क्रीनमध्ये दिसतो. सोफ्यासमोर गडद, दाट विणीची सतरंजी टाकली की तो जातो. तीन-चार अंशांपेक्षा जास्त झुकवू नका, वरच्या आणि खालच्या कडेतला फरक डोळ्यांना जाणवायला लागतो, शिवाय माउंटच्या वरच्या स्क्रूंवर ओढ वाढते.

दुसरा उपाय, ट्यूब हलवणं. मागच्या भिंतीवरून काढून ती टीव्हीच्याच भिंतीवर, पण एका बाजूला आणि छताकडे तोंड करून लावली. स्क्रीनच्याच भिंतीवर असलेला दिवा स्क्रीनमध्ये दिसू शकत नाही. वायर पट्टीत घालून वरून फिरवली, भिंत फोडावी लागली नाही. मंद उजेडासाठी टीव्हीमागे ६५०० केल्विनची पट्टी, चमक साध्या चित्रातल्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्श्याच्या खाली. पिवळी पट्टी नको, चित्र निळसर भासतं.

उरली पश्चिमेची खिडकी. इथे घाई केली नाही, कारण ऋतूप्रमाणे दोन्ही खिडक्या वेगळ्या वागतात. इंदूर २२.७ अंश उत्तरेला. २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४४ अंशांवर असतो. दक्षिणेच्या, सात फुटांपर्यंत उंच खिडकीतून, छज्जा नसेल तर, ऊन सव्वादोन मीटर आत येतं. जूनमध्ये तोच सूर्य जवळपास डोक्यावर, ऊन खिडकीत शिरतच नाही. पश्चिमेला मात्र एप्रिल-मेमध्ये दुपारी साडेतीनचा आयपीएलचा सामना रंगात यायला आणि सूर्य खिडकीच्या पातळीला यायला एकच गाठ पडते. लू चालू असताना खिडक्या तशाही बंद असतात, त्यामुळे जाड पडद्याची कुणाची हरकत नसते. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून ब्लॅकआउट कापड घेतलं. खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना १५ सेंमी जास्त, आणि रॉड चौकटीच्या वर १० सेंमी. बेताच्या मापाचा पडदा कडेने उजेडाची फट सोडतो आणि ग्लॉसीवर नेमकी तीच फट चमकते. खिडकीच्या बाजूला पडद्याचं अस्तर फिकट ठेवलं, म्हणजे तापत कमी.

पॅनेलचा प्रकार पृष्ठभागाइतकाच महत्त्वाचा आहे. डब्ल्यूओएलईडीमध्ये (स्वतः उजळणाऱ्या पांढऱ्या पिक्सेलांवर रंगीत फिल्टर असलेलं पॅनेल) पुढे वर्तुळाकार पोलरायझर (उजेड गाळणारी पट्टी) असतो. बाहेरून आत शिरलेला उजेड परत येताना त्यात अडकतो, म्हणून उजेडातही काळा काळाच राहतो. क्यूडी-ओएलईडीमध्ये (निळ्या उजेडापासून क्वांटम डॉटने रंग करणारं पॅनेल) हा पोलरायझर नसतो. दिवसा त्याचा काळा राखाडी, जरा जांभळट दिसतो, आणि हे ग्लॉसी असलं तरी होतं. सॅमसंगने २०२४ मध्ये एस९५डी हा क्यूडी-ओएलईडी मॅट स्क्रीनसह आणला, २०२५ मध्ये एस९५एफही तसाच. ट्यूबची रेघ त्यावर जवळपास पुसली जाते, हे मान्यच करायला हवं. पण बाजूच्या उजेडात काळा फिकटतो. एलजीची जी मालिका डब्ल्यूओएलईडी आणि ग्लॉसी. मिनी एलईडीत (मागे बारीक एलईडींचा उजेड असलेला एलसीडी) सॅमसंगचा २०२५ चा क्यूएन९०एफ मॅट झाला, आधीचा क्यूएन९०डी ग्लॉसी होता, तेव्हा जुना साठा घेताना मॉडेलचं शेवटचं अक्षर वाचूनच पैसे द्या. सॅमसंगचा द फ्रेम हा टीव्ही २०२२ पासून मॅट आहे. भिंतीवर चित्र म्हणून लावायला ते योग्य, अंधारात सिनेमा पाहायला नाही.

दुकानात टीव्ही व्हिव्हिड मोडवर, वर कडक दिवे. तिथे चालू चित्र पाहून काही कळत नाही. आधी टीव्ही बंद करायला सांगा. बंद स्क्रीनचा काळेपणा दोन मॉडेलांत शेजारीशेजारी पाहिला की पृष्ठभाग आणि पोलरायझर दोन्हींचं काम दिसतं. मग मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून स्क्रीनकडे पाहा. ग्लॉसीवर धारदार ठिपका आणि रंगीत छटा असेल तर थर चांगला, ठिपका पांढराफटक असेल तर थर नाही किंवा हलका. मॅटवर ठिपक्याचा मऊ गोळा होतो. गोळ्याच्या बाहेरचा भाग काळा राहिला तर मॅट दर्जेदार, पूर्ण स्क्रीन उजळली तर सोडून द्या. पेनड्राइव्हवर ३८४० बाय २१६० च्या चार जेपीजी न्या: पूर्ण काळी, १० टक्के सिग्नलची राखाडी, पूर्ण पांढरी आणि एक सावळ्या चेहऱ्याचा फोटो. पांढरीवर मॅटची चमचम शोधा, मिठाचे कण पसरल्यासारखी. पिक्सेल लहान तितकी ती जास्त. ६५ इंची फोर-केचा पिक्सेल ०.३७ मिमी, ८५ इंचीचा ०.४९, म्हणून मोठ्या स्क्रीनवर आणि ३ मीटरवरून ती सहसा खुपत नाही. डेस्कवर मॉनिटर म्हणून वापरायचा असेल तर खुपेल.

मोबाइलवरचं लक्स अ‍ॅप चालतं, पण फोनगणिक आकडा बदलतो. एकाच फोनने, फोनची पाठ स्क्रीनला लावून, त्याचं तोंड खोलीकडे करून मोजा आणि आपल्याच दोन आकड्यांची तुलना करा.

ग्लॉसी घेऊन वर मॅट फिल्म किंवा अ‍ॅक्रिलिकचा गार्ड लावायचा सल्ला बरेच देतात. नको. गार्ड म्हणजे आणखी दोन पृष्ठभाग, प्रत्येकी ४ टक्के, आणि मधल्या हवेमुळे दुहेरी प्रतिबिंब. फिल्मचा खडबडीतपणा पिक्सेलपासून लांब पडतो, म्हणून अक्षरांच्या कडा मऊ होतात. शिवाय ज्या थराचे पैसे दिले तोच झाकला जातो, आणि फिल्म काढताना उखडण्याची भीती राहते.

पुसण्याबद्दल दिवाळीच्या साफसफाईआधी हे वाचून ठेवा. काचेची निळी फवारणी दोन्हींवर बंद, अमोनिया आणि अल्कोहोल थराला खातात. टीव्ही बंद करून थंड होऊ द्या. आधी कोरड्या मायक्रोफायबरने धूळ, दाब न देता. मग डाग असेल तिथेच, बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेलं कापड. पाणी कापडावर टाका, स्क्रीनवर नाही, खालच्या कडेतून ते आत उतरतं. बोअरिंगचं पाणी क्षारांचे ठिपके सोडतं. मॅटवर तेलकट बोट लागलं की खड्डे भरून तिथे चकाकता डाग दिसतो. तो जोरात घासला तर खडबडीतपणाच झिजतो आणि डाग कायमचा होतो. ग्लॉसीवर तेल इंद्रधनुषी दिसतं, पण सावकाश निघतं.

तर निर्णय. या हॉलमध्ये ट्यूब हलली, पश्चिमेला पडदा आला आणि बाजूच्या खिडकीचा उजेड दिवसभर राहणारच आहे, म्हणून ६५ इंची ग्लॉसी डब्ल्यूओएलईडी. सेटिंग दोन ठेवलीत: रात्री फिल्ममेकर मोड आणि बीटी.१८८६ (२.४ च्या जवळचा गॅमा), दिवसा २.२ गॅमा आणि पॅनेलची चमक वाढवून. मॅट कुणाला? समोरच बाल्कनीचं सरकतं दार, पडदा लावायला घरच्यांची ना, आणि टीव्ही मुख्यतः दिवसाच चालतो, त्यांनी बेलाशक मॅट घ्यावी, शक्यतो मिनी एलईडीत, कारण धुकं बसलं तरी वरची चमक त्याला मागे टाकते.

बाकी आहे ते असं: कोपऱ्यातल्या जागेसाठी दक्षिणेच्या खिडकीला उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड, डिसेंबरच्या उन्हात पुन्हा आरशाची चाचणी, आणि ८५ इंची मॅट मिनी एलईडीचं याच चार फोटोंवरचं निरीक्षण.