दोह्यात भेटलेला बडोद्याचा गालिचा

लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने दोह्याला होते. बाळ दोन महिन्यांचं झालं आणि एका शुक्रवारी दुपारी जावई म्हणाले, "आई, चला, आज तुम्हाला तुमच्या कामाची वस्तू दाखवतो." मला वाटलं, सोनाराच्या पेठेत नेताहेत. नेलं ते थेट नॅशनल म्युझियम ऑफ कतारमध्ये. अंधाऱ्या दालनात काचेमागे एक गालिचा होता. लांबी सुमारे पावणेनऊ फूट, रुंदी पावणेसहाच्या आसपास. लोकरीचा नाही, सुताचा नाही. सगळा मोत्यांचा.

पाटीवर 'बडोदा' हा शब्द वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला. कुठलं बडोदं, कुठलं दोहा!

मी पटवेकरीण आहे. म्हणजे सोनार दागिना घडवतो, आणि आम्ही तो रेशमात गाठवतो, ओवतो, गोंडा बांधतो. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासरे सोन्या मारुती चौकाजवळ एका पेढीच्या ओट्यावर बसत. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास, तोंडात दुसरं टोक, आणि मांडीवर पांढरं फडकं. त्या फडक्यावरून मोती घरंगळला तर दिसला पाहिजे, म्हणून ते रोज धुतलेलं असे. चौतीस वर्षं झाली, तेच काम मी करते. त्यामुळे मोत्याची वस्तू समोर आली की लोक आधी चमक बघतात, मी वेज बघते. वेज म्हणजे मोत्याचं भोक. त्यातून दोरा जातो, आणि मोत्याची सगळी जन्मपत्रिका तिथेच कळते.

या गालिच्यात पंधरा लाखांच्या आसपास मोती आहेत असं सांगतात, काही जण त्याहून जास्त म्हणतात. खाली रेशीम आणि हरणाचं मऊ कातडं. मोती सगळे बसऱ्याचे, मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढे. वेलबुट्टीत मधून रंगीत काचमणी, आणि मध्यावर हिऱ्यांची तीन मोठी चक्रं. शिवाय पाचू, माणिक, नीलम. मी काचेला नाक लावून उभी राहिले. नुसता एक मोती सुईत घेऊन टाका घालायला दहा सेकंद धरा. पंधरा लाख टाक्यांना एकट्या माणसाने रोज आठ तास बसायचं म्हटलं तर जवळजवळ दीड वर्ष जाईल, एकही सुट्टी न घेता. आणि हे फक्त टाक्याचं झालं. त्याआधी पंधरा लाख वेजं पाडली कुणी? मोहरीएवढा मोती लाकडाच्या खळग्यात बसवायचा, पाण्याचा थेंब सोडत राहायचं आणि कमानीने फिरवायच्या बारीक पोलादी सुईने हळूहळू भोक पाडायचं. जरा जोर झाला की मोती दुभंगला. नात कडेवर झोपली होती, आणि मी त्या अनोळखी बोटांचा हिशोब करत होते.

गालिचा करवून घेतला खंडेराव गायकवाडांनी, 1865च्या सुमारास. मदिनेला, प्रेषितांच्या कबरीवर अर्पण करायचा म्हणून. एका मराठा राजाने मदिनेसाठी ही भेट करावी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण 1870 मध्ये खंडेराव गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे 1902-03च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला.

आता हे मोती मुळात आले कुठून? नावाला बसऱ्याचे, पण आले ते याच आखातातून. मी ज्या शहरात उभी होते तिथल्याच समुद्रातून. उन्हाळ्याचे चार महिने बोटी समुद्रातल्या शिंपल्यांच्या जागांवर जात. पाणबुडे पायाला दगड बांधून खाली उतरत, श्वास कोंडून ठेवता यावा म्हणून नाकाला हाडाचा नाहीतर कासवाच्या पाठीचा चिमटा लावत. शेकडो शिंपले फोडावेत तेव्हा एखादा बरा मोती हाती येई. बहुतेक पाणबुडे कर्जात, बाप मेला की कर्ज पोराच्या डोक्यावर. त्याच संग्रहालयात तो चिमटा ठेवलेला पाहिला आणि मला थेट नथ आठवली. कुणीतरी नाक दाबून समुद्रातून काढलेला मोती आमच्या बायका नाकात घालतात. इतकी नथ गाठवली मी, पण हा विचार कधी मनात आला नव्हता. त्या दिवसापासून नथीच्या तारेत मोती चढवताना तो चिमटा डोळ्यांपुढे येतो.

आखातातला माल यायचा मुंबईला. निवड, प्रतवारी, विंधणं, ओवणं, सगळं तिथे. सासरे मोतीबाजाराच्या गोष्टी सांगत. तिथे मोत्याचा भाव नुसत्या वजनावर नसे, 'चवे'वर असे. चव काढताना वजनाचा वर्ग करतात. म्हणजे एक मोती दुसऱ्याच्या दुप्पट वजनाचा असला तर त्याची चव चौपट. सासऱ्यांनी हे मला पाटीवर खडूने लिहून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, "सूनबाई, मोठा मोती म्हणजे दोन लहान मोती नव्हेत." शिंपल्यात मोती वाढायला वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं तो जीव जगावा लागतो, ही सगळी गोष्ट त्या वर्गात आली.

बडोद्याच्या घराण्याला मोत्या-हिऱ्यांचा नाद होता, हे खरंच. ब्राझीलमध्ये 1853 मध्ये खाणीत एका गुलाम बाईच्या हाताला कच्चा हिरा लागला, अडीचशे कॅरटच्या वरचा. ॲमस्टरडॅमला पैलू पाडल्यावर तो 128 कॅरटचा राहिला. 'स्टार ऑफ द साउथ' म्हणून 1862 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी त्याच्यासाठी रांगा लावल्या, आणि पुढे तो गायकवाडांच्या खजिन्यात आला. खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले तेव्हा त्यांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. 1874च्या शेवटी त्यांच्यावर आरोप आला की दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर, याच्या सरबतात सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड घातली. चौकशीला सहा जणांचं मंडळ बसलं, तीन इंग्रज, तीन हिंदी, आणि मतं दुभंगली. तरीही 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवलंच. हिरा दागिन्यात असला की वैभव आणि पुडीत असला की गुन्ह्याचा पुरावा.

मग आले सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा, खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतलेला. माझं माहेर नाशिकचं, म्हणून कवळाण्याचं नाव आलं की मला आपलं वाटतं. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या या मुलाच्या गळ्यात सात-सात पदरी मोती आणि तो हिरा. तरुणपणच्या त्यांच्या छायाचित्रांत हे दागिने दिसतात. पण मला त्यांचं दुसरंच रूप जास्त प्रिय आहे. 12 डिसेंबर 1911, दिल्ली दरबार. सगळे संस्थानिक नखशिखांत दागिन्यांनी मढून पंचम जॉर्जपुढे चालले होते. सयाजीराव आले साध्या पांढऱ्या अंगरख्यात, डोक्याला लाल पगडी, अंगावर दागिने नाहीत. एकदाच झुकले आणि पाठ फिरवून चालते झाले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला. त्या दरबाराचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. मी लेकीच्या फोनवर पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. दागिना कधी उतरवून ठेवायचा हे कळायला तो आधी अंगावर बाळगलेला असावा लागतो, असं मला तेव्हा वाटलं.

त्यांचे नातू प्रतापसिंह. त्यांनी 1943 मध्ये सीतादेवींशी दुसरं लग्न केलं, आणि खजिन्यातल्या पुष्कळ वस्तू त्यांच्याबरोबर युरोपात, मोनाकोला गेल्या. हा गालिचाही गेला. सीतादेवींच्या पायातले पाचू-हिऱ्यांचे तोडे न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी विकत घेऊन त्यांचा हार केला आणि तो विंडसरच्या डचेसकडे, म्हणजे इंग्लंडची गादी सोडलेल्या आठव्या एडवर्डच्या पत्नीकडे गेला. एका मेजवानीत सगळे त्या हाराचं कौतुक करत असताना सीतादेवी म्हणाल्या, माझ्या पायातही हे फार छान दिसायचे. असा किस्सा सांगतात. आपल्याकडे पायात सोनं घालायचा मान राजघराण्यांचाच, हे ज्याला माहीत आहे त्याला या बोलण्याचं वजन कळेल.

गालिचा 2009 मध्ये दोह्यातच लिलावाला निघाला आणि सुमारे 55 लाख डॉलरना गेला. त्याच्या दोन वर्षं आधी बडोद्याच्या सातपदरी हारातल्या निवडक 68 मोत्यांचा दुपदरी हार न्यूयॉर्कला 70 लाख डॉलरच्या वर विकला गेला होता. आखातातून निघालेले मोती मुंबईवरून बडोद्याला गेले, तिथून मोनाकोला, आणि दीडशे वर्षांनी आपल्या समुद्राकाठी परत आले. काचेपुढे उभ्या असलेल्या कतारी आजीबाई नातवाला काहीतरी समजावत होत्या. भाषा कळली नाही, पण त्या बोटाने समुद्राची दिशा दाखवत होत्या.

मधल्या काळात मोत्यावर वाईट दिवस आले होते. जपानच्या मिकिमोटोने शिंपल्यात मुद्दाम मणी घालून मोती पिकवायला सुरुवात केली, 1920 नंतर ते गोल मोती जगभर पसरले, मागोमाग मंदी आली, आणि आखातातल्या बोटी किनाऱ्याला लागल्या. न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईंनी 1917 मध्ये दुपदरी मोत्यांसाठी आपला वाडा कार्तिये या जवाहिऱ्यांच्या पेढीला देऊन टाकला होता, तेव्हा त्या हाराची किंमत दहा लाख डॉलर होती. चाळीस वर्षांनी तोच हार विकला तर दोन लाखसुद्धा आले नाहीत. पिकवलेल्या मोत्याला मी खोटा म्हणत नाही, तोही शिंपल्यातच होतो. पण भिंगातून वेजात पाहिलं की आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेघ दिसते. जुन्या बसऱ्याच्या मोत्यात ती रेघ नसते, आणि वेज इतकं बारीक की माझी सर्वांत बारीक सुईसुद्धा अडते. वजन जाऊ नये म्हणून विंधणाऱ्याने जपून पाडलेलं असतं ते.

लोक मला विचारतात, काकू, हिरा मोठा की मोती? त्र्यंबकेश्वराचा नासक हिरा घ्या. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा नव्वद कॅरटच्या आसपासचा होता. लंडनला पैलू बदलले, न्यूयॉर्कला पुन्हा बदलले, आज तो 43 कॅरटचा आहे. लहानपणी सोमवारी आजीबरोबर त्र्यंबकला जायचे तेव्हा ती त्या हिऱ्याबद्दल सांगायची. पण आज तो समोर आणून ठेवला तरी देवाने तो ओळखावा कसा? निम्म्याहून जास्त हिरा गेला. मोत्याला सहसा कुणी पैलू पाडत नाही. शिंपल्यातून जसा निघाला तसाच तो राजाच्या गळ्यात जातो. म्हणून माझं मन मोत्याकडे.

पण मोती मरतो, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी एक बाई रडत आल्या. घरात चांदीची भांडी लिंबाने घासताना कुणीतरी आजीच्या मोत्यांच्या कुड्यासुद्धा त्याच पाण्यात टाकल्या होत्या. सकाळपर्यंत मोत्यांची चमक गेली, ते खडूसारखे झाले. आंबट लागलं की मोत्याचा थर विरघळतो, त्याला इलाज नाही. अत्तर, घाम, केसांचा फवारा, सगळं त्याला लागतं. आणि हवाबंद डबीत वर्षानुवर्षं ठेवला तरी तो कोरडा पडतो. मोती वापरावा, आणि काढल्यावर मऊ ओल्या फडक्याने पुसावा.

पानिपतानंतर पेशव्यांना आलेल्या त्या सांकेतिक चिठ्ठीबद्दल आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला याची गणती नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे ते दोन मोती. सासरे सर ओवताना ते वाक्य म्हणायचे. मोहरा हरपतात, मोती 'गळतो', हा फरक पटवेकऱ्याला कळतो. मोहर हरवली तर दुसरी पाडता येते. मोती दोरा कुजला म्हणून गळतो. म्हणून ते दर मोत्यामागे गाठ मारायचे, म्हणजे सर तुटला तरी एकच गळेल.

दोह्याहून परतल्यावर पहिलं काम आलं ते एका ताईंच्या आजीच्या तन्मणीचं. खोड, म्हणजे मधलं पदक, उत्तम होतं, मागे हिरवा मीना अजून शाबूत. पण रेशीम काळं पडलेलं, आणि एका पदरात एक मोती कमी. ताई म्हणाल्या, "काकू, बाजारातला एखादा मिळता मोती घाला, कोण बघतंय." मी दोन-तीन मोती शेजारी धरून दाखवले. शेजारी धरल्यावर त्यांनाच दिसलं, जुन्यांचं पाणी गुलाबीसर पिवळं, नव्याचं पांढरंफेक. शेवटी ठरलं की मोती घालायचा नाही, तो पदर एका मोत्याने आखूड ठेवायचा.

काम झाल्यावर जुनं रेशीम मी कागदाच्या पुडीत बांधून दिलं. सासऱ्यांची पद्धत, जुना दोरा गिऱ्हाइकाला परत करायचा. ताईंनी पुडी उघडली, तो काळपट दोरा नाकाशी नेला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आजीच्या वेणीतलं माक्याचं तेल."