तुम्ही विचारलंत म्हणून : मासळी कंपनीचा नफा पाहून मी का थांबतो

गुंतवणुकीवरच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि विचारणारे बहुधा कोकणातले असतात. तुम्ही स्वतः बंदरालगत वाढलेले, ताटात मासा नसेल तर जेवण झाल्यासारखे न वाटणारे. मग मासेमारी कंपन्यांच्या शेअरांचे नाव काढताच तुम्ही गप्प का होता? परदेशातले शेअर घरबसल्या घेता येऊ लागल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. विचारणाऱ्याचे म्हणणेही वाजवी असते : मासळीची मागणी वाढती, समुद्रातला साठा मर्यादित, परवाने मोजके, म्हणजे ज्याच्या हातात परवाने आहेत त्याची कमाई पक्की. चहा संपेपर्यंत याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे लिहितो, आणि त्यासाठी स्पेनमधील पेस्कानोव्हा या कंपनीचे प्रकरण घेतो, कारण त्यातील बहुतेक गोष्टी न्यायालयासमोर आलेल्या आहेत.

पेस्कानोव्हाची स्थापना 1960 साली गॅलिसिया प्रांतातील विगो या बंदरात होसे फर्नांडेझ लोपेझ यांनी केली. पकडलेला मासा बंदरावर आणून गोठवण्याऐवजी समुद्रातच, जहाजावर गोठवायचा, या कल्पनेवर ही कंपनी उभी राहिली. दक्षिण अटलांटिकमधला हेक मासा त्यामुळे स्पेनमधल्या घराघरांत पोचला. रोदोल्फो नावाची तिच्या जाहिरातीतली कोळंबी तिथल्या मुलांना पाठ होती. पुढे किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या समुद्रावर त्या त्या देशाचा हक्क मान्य झाला, तेव्हा परक्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या सगळ्याच कंपन्यांची पंचाईत झाली. पेस्कानोव्हाने स्थानिक भागीदारी करून त्यातून वाट काढली. 1990 साली नामिबिया स्वतंत्र झाल्यावर तेथील ल्युडेरिट्झमध्ये प्रक्रिया कारखाना चालवून तिने मासेमारीचा कोटा राखला. इथपर्यंतची गोष्ट कोणालाही आवडावी अशीच आहे.

पकडीला मर्यादा असल्यामुळे कंपनी मत्स्यशेतीकडे वळली. चिलीमध्ये सामन (सॅल्मन) मासा, मध्य अमेरिकेत कोळंबी आणि पोर्तुगालमधील मीरा येथे टर्बट या चपट्या माशाचा प्रचंड प्रकल्प. मीराचा प्रकल्प आधी गॅलिसियातच व्हायचा होता, पण पर्यावरणाच्या कारणावरून ती जागा मिळाली नाही. 2009 मध्ये तो पोर्तुगालमध्ये सुरू झाला. खर्च सुमारे 14 कोटी युरो. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या नळांनी दगा दिला, मासे मेले आणि ठरवलेले उत्पादन कधी गाठलेच गेले नाही.

मत्स्यशेती आली की हिशेबात एक वेगळीच गोष्ट शिरते. टाकीतला किंवा पिंजऱ्यातला जिवंत मासा ही 'जैविक मालमत्ता' धरली जाते आणि आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार तिचे मूल्य दरवर्षी बाजारभावाच्या अंदाजाने ठरते. मासा वाढला की विक्री होण्याआधीच नफा दिसतो. हे बेकायदा नाही आणि तत्त्वतः चुकीचेही नाही. पण पाण्याखाली किती मासे आहेत, त्यांचे वजन काय, त्यातले किती जगतील, याचे उत्तर व्यवस्थापनाकडूनच येते. कापडगिरणीचा लेखापरीक्षक गोदामात जाऊन ताके मोजू शकतो, सामनच्या पिंजऱ्यात उतरून मासे मोजणे त्याला शक्य नसते. त्यात तो पिंजरा चिलीत, शीतगृह तिसऱ्या देशात, जहाज चौथ्या देशाच्या झेंड्याखाली आणि मुख्यालय विगोत असेल, तर तपासणी बहुतांशी कागदांवर होते.

आता आकडे पाहू. 2011 साली कंपनीने सुमारे 167 कोटी युरोंची विक्री आणि सुमारे 5 कोटी युरोंचा नफा जाहीर केला. त्या हिशेबांवर लेखापरीक्षकांचा कोणताही आक्षेप नव्हता. पण त्याच काळात ही नफ्यातली कंपनी बाजारातून पैसे उभारत होती : 2010 मध्ये 11 कोटींचे परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरांत बदलता येणारे कर्जरोखे), 2011 मध्ये 18 कोटींचे, 2012 मध्ये 16 कोटींचे, शिवाय 2012 च्या उन्हाळ्यात नवे शेअर विकून आणखी साडेबारा कोटी. शेवटच्या रोख्यांवरचा व्याजदर पावणेनऊ टक्के होता. नफ्यात असलेल्या, जुन्या, नावाजलेल्या कंपनीला इतक्या महाग पैशाची दरवर्षी गरज का पडते, हा प्रश्न विचारण्यासाठी कोणतीही गुप्त माहिती लागत नव्हती. रोकड प्रवाहाचे पान नफ्याच्या पानाशेजारी ठेवले की झाले. आपल्याकडे दरवर्षी भरपूर मासळी मिळाल्याचे सांगणारा आणि तरी हंगामाच्या सुरुवातीला दलालाकडून वाढती उचल घेणारा बोटमालक असेल, तर बंदरावरची माणसे त्याच्या मासळीविषयी काय ते समजून जातात. माद्रिदमधल्या विश्लेषकांना ते समजले नाही, किंवा समजूनही लिहावेसे वाटले नाही.

फेब्रुवारी 2013 च्या अखेरीस वार्षिक हिशेब सादर करण्याची मुदत संपली आणि पेस्कानोव्हाने ते सादर केले नाहीत. चिलीतील सामनव्यवसायाची विक्री पूर्ण व्हायची असल्याचे कारण तिने दिले. संचालक मंडळातील काही सदस्यांनी हिशेबांना संमती देण्याचे नाकारले होते. त्यांत मोठा भागधारक असलेल्या दाम या बार्सिलोनाच्या बिअर कंपनीचा प्रतिनिधीही होता. काही दिवसांतच आपली पुस्तके आणि बँकांकडची कर्जाची नोंद यांत तफावत असल्याचे कंपनीनेच कबूल केले, आणि 12 मार्चला शेअर बाजाराच्या नियामकाने तिच्या शेअरचे व्यवहार थांबवले. एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. केपीएमजी या लेखापरीक्षण संस्थेने केलेली तपासणी जुलैमध्ये पूर्ण झाली तेव्हा 2012 अखेरचे निव्वळ कर्ज सुमारे 328 कोटी युरो निघाले. लोकांना माहीत असलेला आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. भागधारकांचे भांडवल उणे 92 कोटींच्याही खाली गेलेले होते.

हे कर्ज लपवले कसे? पद्धत वाचल्यावर तिचा साधेपणा पाहून थक्क व्हायला होते. कंपनीच्याच इशाऱ्यावर चालणाऱ्या नाममात्र कंपन्या उभ्या केल्या. त्यांच्याशी मासळीची खरेदी-विक्री झाल्याची बिले तयार केली. ती बिले बँकांमध्ये वटवून, म्हणजे बिलाची रक्कम येण्याआधीच बँकेकडून उचलून, पैसा घेतला. आणि मुदत भरली की नवी बिले वटवून जुनी फेडली. त्या मासळीचा वास कोणाला आला नाही, कारण ती मासळी नव्हतीच. याखेरीज काही उपकंपन्यांची कर्जे समूहाच्या एकत्रित ताळेबंदाबाहेर राहिली. बँकांची संख्या मोठी असल्यामुळे प्रत्येक बँकेला फक्त आपल्या वाट्याचे कर्ज दिसत होते. माझ्या मते या प्रकरणात बँकांना जितकी सहानुभूती मिळाली तितकी त्यांना मिळायला नको होती. बिल वटवताना माल कुठल्या शीतगृहात आहे हे विचारणे त्यांचे रोजचे काम होते.

छोट्या भागधारकांना सर्वांत जास्त झोंबलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. संस्थापकांचे पुत्र आणि अध्यक्ष मानुएल फर्नांडेझ दे सोउसा यांच्याकडे सुमारे 14 टक्के शेअर असल्याचे सगळे धरून चालले होते. व्यवहार थांबेपर्यंत त्यांतील जवळपास निम्मे त्यांनी कोणाला न कळवता विकलेले होते. त्यातला पैसा आपण कंपनीलाच कर्जाऊ दिला, असा त्यांचा बचाव होता. 2020 मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली, पुढे वरच्या न्यायालयात ती कमी झाली. कंपनीचा चालता व्यवसाय धनको बँकांनी 'नुएव्हा पेस्कानोव्हा' या नव्या कंपनीत नेला आणि जुन्या भागधारकांच्या हाती आधी त्यातला पाचवा हिस्सा आणि नंतरच्या भांडवलवाढीनंतर दोन टक्क्यांहूनही कमी हिस्सा उरला. जहाजे, कारखाने आणि कोळंबीचे तळे मात्र चालूच राहिले. व्यवसाय खरा होता, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे आणि म्हणूनच ते ओळखणे अवघड गेले.

येथवर हिशेबाची बाजू झाली. वर्तनाची बाजूही तितकीच महागात पडते, आणि त्याचे उदाहरण चीनच्या पिंगतान मरीन या कंपनीचे आहे. ती अमेरिकेत नॅस्डॅक या शेअर बाजारावर नोंदलेली होती. इंडोनेशियाने 2014 च्या अखेरीस, सुसी पुजिआस्तुती मत्स्यव्यवहार मंत्री असताना, परदेशी बांधणीच्या जहाजांच्या मासेमारीवर स्थगिती आणली आणि तिची मुख्य कमाई जवळजवळ थांबली. डिसेंबर 2022 मध्ये बेकायदा मासेमारी आणि खलाशांच्या छळाच्या आरोपांवरून अमेरिकी अर्थखात्याने कंपनीवर आणि तिच्या अध्यक्षांवर निर्बंध लादले. खलाशांचे हाल ही केवळ नीतीची बाब आहे असे समजणाऱ्या भागधारकाला त्या आठवड्यात ती शेअरच्या भावाची बाबही असल्याचे कळले. परक्या देशाच्या परवान्यावर उभी असलेली कमाई त्या देशाच्या एका सहीने जाऊ शकते; परवाना कोणाच्या नावावर आहे, स्थानिक भागीदार कोण आहे आणि प्रवर्तकाच्या खासगी कंपनीची जहाजे त्यात आहेत का, हे अहवालाच्या तळटीपांत शोधावेच लागते.

म्हणून अशी कंपनी समोर आली की मी नफ्याचे पान शेवटी उघडतो. आधी तीन-चार वर्षांची रोकड, मग थकीत येणी आणि मालसाठा विक्रीच्या तुलनेत वाढतो आहे का, मग जैविक मालमत्तेच्या मूल्यवाढीतून किती नफा आला, आणि मग प्रवर्तकांचे शेअर कुठे तारण आहेत. बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरच अहवाल मिटतो.

सगळ्याच कंपन्यांना मी एका तराजूत तोलत नाही. नॉर्वेत सामनच्या प्रत्येक शेतीला माशांवरच्या उवांची संख्या दर आठवड्याला सरकारला कळवावी लागते आणि ती माहिती कोणालाही पाहता येते. तिथल्या नोंदणीकृत कंपन्या दर तिमाहीला किती टन मासा काढला, तेही सांगतात. पाण्याखालचा माल निदान काही अंशी तरी बाहेरच्या माणसाला मोजता येतो. त्या शेअरांचे भाव क्वचितच स्वस्त असतात, त्यामुळे तेही मी फारसे घेतलेले नाहीत. पण त्यांच्याविषयी कोणी विचारले तर मी गप्प बसत नाही.