काजूच्या डब्यातून सुरू झालेली आर्केड स्टिक

२४ मे, वेंगुर्ला

सुट्टीला मुंबईहून चुलतभाऊ आलाय. काल रात्री माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर 'कॅप्टन कमांडो' हा मारामारीचा गेम लावला. एकच कीबोर्ड, डावीकडे तो, उजवीकडे मी. दहा मिनिटांत भांडण. तो पळता पळता उडी मारायला लागला की माझा ठोसाच लागेना. मला वाटलं, गडी रडीचा डाव खेळतोय. शेवटी नोटपॅड उघडलं आणि दोघांनी आपापल्या की दाबून धरल्या. दोन अक्षरं उमटली, तिसरं कधी उमटलं, कधी नाही.

दोष कोणाचाच नव्हता. साध्या कीबोर्डात प्रत्येक कीला स्वतंत्र वायर नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. त्या जाळीतल्या ठरावीक तीन की एकदम दाबल्या, की न दाबलेली चौथीही दाबल्यासारखी दिसते. तो घोळ नको म्हणून कीबोर्ड अशा वेळी एखादी की सरळ गिळून टाकतो. दोघांनी एका कीबोर्डवर खेळायचं म्हणजे हे होणारच.

मग जुन्या व्हिडिओ गेम पार्लरचा विषय निघाला. एसटी स्टँडच्या मागची ती खोली, बाहेर काळा पडदा, रुपयाला एक डाव. 'मुस्तफा' लागला असेल तर मागे रांग. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा गेम, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर टोपीवाला मुस्तफा आणि त्याची लाथ एवढंच माहीत. त्या मशीनवरचा लाल गोळ्याचा दांडा हातात अजून जसाच्या तसा आहे. भाऊ म्हणाला, "तसला दांडा घे की." घेऊ म्हटलं.

२९ मे

पाच दिवस नुसतं शोधतोय. तयार, नावाजलेल्या कंपन्यांच्या स्टिक दहा हजारांच्या खाली दिसत नाहीत, चांगल्या तर त्याच्या दुप्पट. तेवढ्यात आमच्या घराची कौलं शाकारून होतात. तीन-चारशे रुपयांत जुन्या 'जॉयस्टिक' मिळतात, पण त्या विमान उडवायच्या. आत पोटेन्शिओमीटर असतो. दांडा किती कलला ते तो मोजतो, त्यामुळे ठोसा-उडीच्या गेममध्ये सगळं लोण्यात हात घातल्यासारखं लागतं. आर्केडच्या, म्हणजे पार्लरमधल्या मशीनच्या, दांड्याखाली चार मायक्रोस्विच असतात. लागला तर लागला, टक्. तिरकं ढकललं की शेजारचे दोन एकदम लागतात. आठ दिशा, बस्स.

शेवटी किट मागवलं. एक दांडा, दहा बटणं, वायरी आणि 'झिरो डिले' नावाचा यूएसबी एन्कोडर बोर्ड (बटणं दाबलेली कॉम्प्युटरला कळवणारा), सगळं मिळून १,७५० रुपये. घेताना एकच गोष्ट पाहिली, मापं. बटणांची भोकं ३० आणि २४ मिलिमीटर, गोळ्याचा आटा एम६, दांड्याला पाच पिनांचा कनेक्टर. ही सान्वा या जपानी कंपनीची मापं आहेत आणि नकला करणाऱ्यांनीही तीच ठेवलीत. त्यामुळे एक भाग रद्दी निघाला तरी तेवढाच बदलता येतो. निराळ्या मापाचं किट याहून तीनशेने स्वस्त होतं, ते सोडलं.

९ जून

पार्सल आलं. तीन दिवस 'पत्त्यावर कोणी नव्हते' असा शेरा पडत होता आणि मी तिन्ही दिवस पडवीत बसून होतो. असो.

डबा म्हणून घरातला काजूगराचा पत्र्याचा डबा घेतला, ११.३४ किलोचा, म्हणजे जुन्या हिशेबाने पंचवीस पौंडांचा. आडवा ठेवला की वरचा भाग स्टिकला नेमका पुरतो. फार उंच होतो म्हणून अर्ध्यातून उभा कापला. वर आठ भोकं पाडली, खालची बाजू वायरिंगसाठी उघडीच. रात्री अकरापर्यंत जोडून झालं, आणि पहिल्याच डावात कळलं की पत्रा लपलपतो. बटण दाबलं की आख्खं पॅनल आत जातं आणि परत येताना वाजतं. आई माजघरातून ओरडली, "कोण डबो बडवता?"

दुसरी गंमत दिशांची. उजवीकडे ढकललं की माणूस डावीकडे. दांडा काढून शांतपणे पाहिला तेव्हा डोक्यात उजेड पडला. दांडा मध्यावर टेकलेला असतो. गोळा उजवीकडे गेला की खालचं टोक डावीकडे जातं, म्हणून 'उजवीकडे'चा स्विच डाव्या बाजूला असतो. पाच पिनांचा कनेक्टर जसाच्या तसा लावला तर हे आधीच जुळलेलं असतं. मी हुशारी करून चारही स्विचना सुट्या वायरी जोडल्या होत्या. वर-खाली मात्र बरोबर! म्हणजे दोन उलट्या चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं. त्या दोन चुका मला अजून सापडलेल्या नाहीत. सगळं उपटून पाच पिनांची वायर लावली आणि विषय संपवला.

तपासायला वेगळं काही लागत नाही. विंडोजच्या 'रन'मध्ये जॉय डॉट सीपीएल टाकलं की खिडकी उघडते. बटण दाबलं की तिथला आकडा लाल होतो.

१६ जून

पाऊस लागलाय. डबा रद्द.

लाकडाचा घ्यायचा ठरवला तर अडचण जाडीची. किटची बटणं खटकीवाली आहेत, ती तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पातळ पॅनललाच धरतात. फळी जाड असेल तर आट्यावर नट बसणारी बटणं लागतात. शिवाय जाड फळीखाली दांडा लावला की तो वर पुरेसा येतच नाही, बोटांत नुसता गोळा. तेव्हा चौकट लाकडाची आणि वरचा भाग पातळ, असं ठरलं. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून एसीपीचा उरलेला तुकडा आणला, तीन मिलिमीटरचा, शंभर रुपये. दोन्हीकडे अॅल्युमिनियमची पातळ कातडी, मध्ये प्लॅस्टिक. गंजत नाही आणि होल कटरने लोण्यासारखा कापला जातो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला 'गंजत नाही' हे शब्द फार गोड लागतात.

चौकट मेस्त्रींनी केली. त्यांच्याकडे फणसाच्या फळीचे तुकडे पडलेले होते, पिवळेधमक.

"ह्यां कित्याक व्हयां तुका?"

"गेम खेळूक."

"कितको वर्षांचो झालस रे झिला?"

चौतीस, म्हटलं. काही न बोलता त्यांनी रंधा मारला. कोपरे असे जुळवले की कागद जाणार नाही. तीनशे रुपये घेतले, ते पण मी खिशात कोंबले म्हणून.

आता स्टिक मांडीवर बसते आणि हलत नाही. आधी वाटलं होतं, वजन म्हणजे हौस. तसं नाही. हलक्या डब्यात दांडा ओढला की डबाही सोबत येतो आणि तिरकी दिशा चुकते.

२८ जून

आता बोर्डाबद्दल. 'झिरो डिले' हे नाव आहे, मोजमाप नव्हे. 'कॅप्टन कमांडो'ला तो चांगला चालतो. (हा गेम कॅपकॉमने २०१८ मध्ये काढलेल्या बीट-एम-अप, म्हणजे मारामारीच्या गेमच्या, संचात रीतसर मिळतो. मेम हा जुन्या मशीनवरचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर फुकट आणि ओपन सोर्स आहे, गेमच्या रॉम फायली तशा नाहीत, हे आपल्यातले बरेच जण विसरतात.) अडचण दुसरीच आहे. हा बोर्ड कॉम्प्युटरला जुन्या पद्धतीचा साधा कंट्रोलर म्हणून ओळख देतो. बऱ्याच नव्या गेमना फक्त एक्सइनपुट, म्हणजे एक्सबॉक्स कंट्रोलरची पद्धत, कळतं, त्यांना माझी स्टिक दिसतच नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानातले गेम स्टीमच्या सेटिंगमधून सांभाळता येतात, बाकीच्यांसाठी खटपट.

म्हणून ४०० रुपयांचा रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आणला आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं. कृती ऐकायला अवघड, करायला चहाइतकी सोपी. पिकोवरचं पांढरं बूटसेल बटण दाबून धरायचं आणि यूएसबी लावायची, तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाकायची. झालं. वायरिंग त्याहून सोपं, प्रत्येक स्विचची एक वायर ग्राउंडला, दुसरी आपापल्या पिनला. ठरलेल्या मांडणीत वर जीपी२, खाली जीपी३, उजवा जीपी४, डावा जीपी५, आणि पुढे बटणं. बदल करायचे तर एस२ म्हणजे स्टार्टचं बटण दाबून स्टिक लावायची आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ उघडायचं. इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे पावसात तेही कमी नाही.

फरक पडला का? फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ काढला, बटणावरचं बोट आणि स्क्रीन एका चौकटीत. मग दोन्ही बोर्डांसाठी वीस-वीस ठोसे फ्रेम मोजत पाहिले. पिको सरासरी दोन फ्रेम आधी, म्हणजे साधारण ८ मिलिसेकंद. गेमची स्वतःची एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. खरं सांगायचं तर माझ्या हाताला हा फरक जाणवला नाही. भावाला जाणवला म्हणतो, पण त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. पिको ठेवला तो एक्सइनपुटसाठी, वेगासाठी नाही.

७ जुलै

पॅकमॅन लावला आणि चिडचिड झाली. १९८० चा गेम, त्याला चारच दिशा माहीत. आठ दिशांच्या दांड्याने वळणावर जरा तिरकं गेलं की स्वारी भिंतीला नाक लावून उभी. दांड्याखालची चौकोनी प्लेट काढून ४५ अंशांत फिरवून बसवली. आता दांडा तिरपा जातच नाही. मारामारीच्या गेमसाठी परत फिरवायची. पाच मिनिटांचं काम, स्क्रू मात्र जपा, माझा एक शेणाने सारवलेल्या अंगणात गेला तो गेलाच.

१९ जुलै

किटचा गोळा हलक्या प्लॅस्टिकचा होता, मध्ये शिवण, बोटाला टोचणारी. काल एसटीने सावंतवाडीला गेलो, चितार आळीत. लाकडी खेळणी आणि रंगीत फळं करणाऱ्या एका कारागिरांना म्हटलं, पस्तीस मिलिमीटरचा गोळा हवाय, खाली नटाला जागा. मी स्क्रीनवर चित्र दाखवलं. त्यांनी ते बघितलंच नाही, माझ्या हातातला जुना गोळा घेऊन दोन बोटांत फिरवला.

लाकडाचा ठोकळा यंत्रावर फिरायला लागला. पटाशी टेकली तशा भुश्शाच्या सळसळत्या फिती उडल्या आणि चौकोनाचा गोल झाला. मध्ये दोनदा थांबवून त्यांनी कॅलिपर लावला. मग फिरत्या गोळ्यावर लाल लाखेची कांडी दाबली. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. वरून पानाने घासल्यावर चकाकी आली. वास थेट शाळेतल्या पार्सलांच्या सीलचा. सगळं मिळून वीस मिनिटं. १५० रुपये.

एम६ नट घरी इपॉक्सीने बसवला. पहिल्यांदा जरासा वाकडा बसला, दांडा फिरवला की गोळा डोलायचा. तापवून काढला आणि पुन्हा बसवला. आता बरोबर आहे. घामेजल्या हातात लाख थोडी चिकटते, हे मान्य. पण प्लॅस्टिकवर परत जाणार नाही.

२ ऑगस्ट

एकूण खर्च २,७०० रुपये, एसटीचं तिकीट धरलेलं नाही.

चार दिवस सलग पाऊस आणि खारा वारा. उडीचं बटण एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं. उघडलं तर टर्मिनलवर हिरवट थर आणि पकडणाऱ्या क्लिपा सैल. बारीक पॉलिश पेपरने घासलं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, क्लिपा पकडीने आवळल्या, उडी परत एकेरी झाली. आता चौकटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्यात. पुढच्या पावसाच्या आधी सगळ्या क्लिपांवर व्हॅसलीनचा हात फिरवायचा आहे. इथे गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलला आपण तेच करतो, मग हे काय निराळं. राहता राहिला दुसरा खेळाडू. भाऊ गणपतीला येतोय आणि त्याला स्वतःची स्टिक हवी आहे. फळी मेस्त्रींकडे बाजूला ठेवायला सांगितली आहे.

पहिल्या डब्याचं विचाराल तर तो आईने उलटा करून मागच्या दारी ठेवलाय. तळाला नारळाची सोडणं, वर माती, त्यात अबोली. म्हणाली, "भोकां आयतीच पाडून ठेवलेली आसत."