तुम्ही विचारलंत म्हणून : बडोद्याहून मालवणला पाण्यातले दगड बघायला का जाते?

दांडिया बाजारात भाजी घेताना कोणी ना कोणी भेटतंच आणि विचारतंच, "ताई, यंदा परत मालवण? किल्ला एकदा बघितला की झालं ना, आणि तुम्ही तर म्हणे पाण्यातल्या पडक्या भिंती बघत बसता." रस्त्यात उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून आज लिहितेय.

मी सिव्हिलची, आयुष्य साइटवर गेलं. बिल्डिंग कशी दिसते ते लोक बघतात, मी पाया बघते. सिंधुदुर्गाचं काम 1664 ला सुरू झालं आणि 1667 ला संपलं, कुरटे बेटावर, जवळजवळ तीन किलोमीटर तटबंदी, पायाचे दगड शिसं ओतून बसवलेले. फोटो सगळे वरच्या तटाचे काढतात. पण खरं अवघड काम खाली, जिथे दिवसातून दोनदा पाणी चढतं. ओहोटीचे जेमतेम काही तास हातात, तेवढ्यात खडक साफ करायचा, दगड बसवायचा, आणि भरती आली की सगळं सोडून वर यायचं! आम्हाला इथे काळ्या मातीत पाया घेताना पंप लावूनसुद्धा पाणी आवरत नाही.

तिथून जवळच पद्मगड आहे, सिंधुदुर्गाचा छोटा सोबती, आता बराचसा पडलेला. मोठी ओहोटी असली की दांडीच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका दगडाशी गुडघ्यावर बसले. खालचा भाग कालवांनी, म्हणजे दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांनी भरलेला, इतकी धारदार की बोट कापलं, त्याच्यावर हिरवं शेवाळ, त्याच्यावर कोरडा काळा दगड. सरळ रेषा, जणू कोणी लेव्हल ट्यूब, म्हणजे पातळी बघायची पाण्याची नळी, लावून मारलीय. मी ती रेषा बघतच बसले आणि मागून एक म्हातारे मासेवाले ओरडले, "गे बाय, पाणी भरूक लागला, फिर आता!" परत येईपर्यंत पोटऱ्यांपर्यंत पाणी.

अशीच एक रेषा माझ्या घरी आहे. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, खिडकीच्या खाली गाळाची रेघ राहिली, दोनदा रंग काढला तरी दिसतेच. आमचं घर दोन दिवसांच्या पाण्याने हललं, फरशी उचकटली, लाकडी कपाट फुगून फुटलं, आणि ते दगड साडेतीनशे वर्षं रोज दोनदा भिजतायत. हे एकदा डोक्यात बसलं ना की परत परत जावंसं वाटतंच.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला तर तटाचे मोठमोठे दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचलेत. लाट येते, फटींतून पाणी आत शिरतं, जोर तिथेच मोडतो. लाटेला अडवायचं नाही, जिरवायचं. हे ज्याला सुचलं त्याच्याकडे मी शिकाऊ म्हणून राहिले असते, खरंच सांगते.

आणि विजयदुर्ग. तिथे किल्ल्याबाहेर समुद्रात, 8 ते 10 मीटर खोलीवर, जांभ्याची भिंत आहे, साधारण 122 मीटर लांब, 3 मीटर उंच, 7 मीटर रुंद. शत्रूची जहाजं आपटून फुटावीत म्हणून बांधली असं सांगतात. ती मला दिसली नाही, वरून दिसणारही नाही, तरी मी बुरुजावर तासभर त्या पाण्याकडे बघत हिशोब करत होते, की भरती-ओहोटीला माथ्यावर पाणी किती राहत असेल, भरलेलं जहाज किती खोल बसत असेल. 1720 ला इंग्रज इथून हात हलवत गेले. 1756 ला मात्र किल्ला पडला, कारण समोर इंग्रजांची जहाजं आणि जमिनीवर पेशव्यांची फौज, आपलीच माणसं. त्यात भिंतीचा काय दोष? हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

2025 ला सिंधुदुर्ग, विजयदुर्ग युनेस्कोच्या यादीत आले, आनंदच आहे, गर्दी वाढेल तेही ठीक. फक्त पद्मगडाच्या त्या निखळलेल्या दगडांवर कोणी नावं कोरू नयेत एवढंच वाटतं.

तुम्हाला यायचं असेल तर तिथी बघून या, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी मोठी असते, पावसाळ्यात नको. जुने पण तळ धड असलेले बूट घाला, चप्पल कालवांवर टिकत नाही. आणि किनाऱ्यावरचं कोणी फिर म्हणालं की लगेच फिरा.