हनोईतलं कोरियन हॉटेल: खोली झकास, जागा साफ चुकीची

आधी निकाल सांगते. हनोईच्या मी दिन्ह भागातल्या कोरियन धाटणीच्या हॉटेलात राहायचंच असेल, तर थंडीत राहा आणि तेही सहलीच्या शेवटच्या टप्प्यात. पहिल्यांदा हनोई बघायला जाणाऱ्यांनी तिथे मुक्काम टाकू नये. बुकिंग करताना ‘शहराच्या मध्यवर्ती भागात’ असं वाचलं होतं, ते धादांत खोटं आहे. आपल्याला जे हनोई बघायचं असतं, म्हणजे ओल्ड क्वार्टर, होआन किएम तलाव, फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलांवरची कॉफी, ते तिथून साधारण 10 किलोमीटर लांब आहे. मी दिन्ह हा कोरियन कंपन्यांचा आणि कोरियन कुटुंबांचा भाग. 72 मजली केआंगनाम टॉवर, आजूबाजूला काचेच्या इमारती, कोरियन पाट्यांची दुकानं, कराओके. बाक निन्ह आणि थाय न्गुयेनला सॅमसंगचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे उत्तर व्हिएतनाममध्ये कोरियन माणसांचा राबता मोठा. कामासाठी येणाऱ्यांना ही जागा उत्तम. आई, मावसबहीण आणि मी शहर बघायला गेलो होतो.

त्या 10 किलोमीटरबद्दल नीट लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. सकाळी ग्रॅबची (ओला-उबरसारखं टॅक्सी ॲप) गाडी अर्ध्या तासात पोहोचवते, म्हणून आपण निर्धास्त होतो. संध्याकाळी पाच ते सातमध्ये तोच रस्ता जीव काढतो. किम मा, काउ झाय, झुआन थुई या रस्त्यांवर स्कूटरींचा लोंढा असतो. त्यात जानेवारीची भुरभुर सुरू झाली, की ग्रॅबचं भाडं दुपटीच्या आसपास जातं आणि ड्रायव्हर एकामागून एक बुकिंग रद्द करतात. आमच्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी स्कूटरी फुटपाथवर चढून पुढे जात होत्या. एकाच रेनकोटमध्ये दोघं, मागच्याचं डोकं बाहेर यावं म्हणून त्याला दुसरं भोक. काचा धुरकटलेल्या, आईचे पाय आखडलेले, आणि डोक्यावरच्या पुलावरून मेट्रो सरळ निघून जात होती. दीड तास लागला. दिवसभर चालून आल्यावर हा दीड तास नको होतो.

तर उपाय ती मेट्रोच. न्होन ते काउ झाय हा 8.5 किलोमीटरचा उन्नत मार्ग ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झाला, स्थानकं 8. पुढचा भुयारी भाग पूर्ण झालेला नाही, म्हणून ती ओल्ड क्वार्टरपर्यंत जात नाही. ओल्ड क्वार्टरमधून काउ झाय स्थानकापर्यंत गाडी किंवा बस घ्या, तिथून मेट्रोने ले दुक थो स्थानकावर उतरा आणि उरलेल्या थोड्याशा अंतरासाठी पुन्हा ग्रॅब. मेट्रो 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा तिकीट 8 ते 12 हजार डोंग (व्हिएतनामचं चलन) होतं, म्हणजे साधारण चाळीस रुपयांपर्यंत (1 रुपयाचे साधारण 300 डोंग धरा). रात्री दहाच्या आत परत फिरा.

रस्त्यावरची टॅक्सी घेऊ नका. ग्रॅब मिळेना म्हणून आम्ही रात्रीच्या बाजाराजवळून एक घेतली. मीटर इतका पळत होता, की निम्म्या वाटेतच नेहमीच्या भाड्याच्या दुप्पट आकडा झाला. हॉटेलच्या दारात मी 5 लाख डोंगांची नोट दिली. ड्रायव्हरने ती खाली घेतली आणि क्षणात 20 हजारांची नोट वर धरून ‘हीच दिलीत’ म्हणायला लागला. दोन्ही नोटा निळ्या, अंधारात फरक कळत नाही, आणि हा खेळ त्यावरच चालतो. मी दार उघडं ठेवून मोठ्याने बोलायला लागले, हॉटेलचा वॉचमन आला, तेव्हा कुठे माझी नोट बाहेर निघाली. 5 लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि नोट देताना आकडा मोठ्याने म्हणून दाखवा.

आता बिल. खोलीच्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली, की समजा सेवाशुल्क आणि व्हॅट वर लागणार आहेत. सेवाशुल्क बहुतेक ठिकाणी 5 टक्के. ‘सौना आणि स्नानगृह’ सुविधांच्या यादीत होतं, पण चेकआउटला त्याचे माणशी वेगळे पैसे लावले. चेक-इनच्या वेळीच विचारा आणि लिहून घ्या. आणखी एक गोष्ट हॉटेल आधी सांगत नाही: कोरियन पद्धतीच्या स्नानगृहात बायकांचा आणि पुरुषांचा विभाग वेगळा असतो, पण आत कपडे, अगदी पोहण्याचा पोशाखही, चालत नाही. आई दारातूनच परत आली, आणि तिचं काही चुकलं नाही. पैसे मात्र तिचेही लावले होते, ते भांडून कमी करून घेतले. ज्यांना चालत असेल त्यांनी जरूर जावं. गरम कुंडातून बाहेर आल्यावर माझे पाय नवे झाले.

आणि खोली! जानेवारीतली हनोईची थंडी आकड्यांत काही वाटत नाही, 14-15 अंश. पण हवा ओली असते, वाळत घातलेला मोजा दोन दिवस वाळत नाही, आणि साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय बऱ्याचदा नसते. इथे ओंडोल होतं, म्हणजे जमिनीखालून येणारी ऊब. उंबऱ्यात चपला काढायच्या, लाकडी जमिनीवर अनवाणी पाय टेकला की शेगडीजवळ बसल्यासारखं वाटतं. आम्ही ओले कपडे जमिनीवरच पसरले, सकाळी खडखडीत वाळलेले. आई गुडघे लांब करून जमिनीवर बसली ती जेवायलाच उठली. अंथरूण मात्र खाली असतं आणि गादी पातळ. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी पलंगाची खोली मागावी. आमच्या हॉटेलात दोन्ही प्रकार होते. उन्हाळ्यात या खोलीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

शाकाहारींनी नाश्ता धरून बुकिंग करू नये. किमचीत, म्हणजे कोबीच्या कोरियन लोणच्यात, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो, सोयाबीनच्या सूपचा रस्साही बऱ्याचदा सुक्या मासळीचा. भात, भाज्या आणि गोचुजांग (मिरचीची कोरियन चटणी) घालून बिबिमबाप मागा, मांस नको म्हणून सांगा. बाहेर ‘कोम चाय’ अशी पाटी शोधा, ते शाकाहारी जेवणाचं दुकान. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी ही दुकानं भरलेली असतात.

हनोईबाहेरच्या निन्ह बिन्ह आणि हा लाँग या ठिकाणांच्या सहली सुरळीत झाल्या, त्यांवर भरपूर लिहिलेलं आहे.

मी दिन्हला राहिलातच, तर जवळ असलेलं वंशशास्त्र संग्रहालय सोडू नका. आवारात वेगवेगळ्या जमातींची खरीखुरी घरं उभी केली आहेत, आत जाऊन बसता येतं. सोमवारी बंद. हो ची मिन्हची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि इतर दिवशी फक्त सकाळी उघडी, त्यामुळे तिथे सकाळीच पोहोचा. विमानतळासाठी हॉटेलची गाडी घेऊ नका, आम्हाला ग्रॅबच्या अडीचपट दर सांगितला होता. नोई बाई विमानतळ ते मी दिन्ह बसस्थानक 109 नंबरची बस आहे. 86 नंबरची बस ओल्ड क्वार्टरकडून रेल्वे स्टेशनला जाते, ती या हॉटेलांच्या उपयोगाची नाही.