राष्ट्रगीत चालू असताना

पुण्यात प्रजासत्ताक दिनाचे शासकीय संचलन शिवाजीनगरला पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर होते आणि तिथे आमच्या वृत्तपत्राचे ज्येष्ठ छायाचित्रकार जातात. माझ्यासारख्या प्रशिक्षणार्थीच्या वाट्याला पेठांतल्या शाळा येतात, कारण तिथले छायाचित्र हुकले तरी कोणाचे काही अडत नाही. यंदा मला सदाशिव पेठेतली एक शाळा मिळाली.

२६ जानेवारीला झेंडा खालून चढवत नाहीत. तो घडी करून खांबाच्या टोकाला आधीच बांधलेला असतो, घडीत फुलांच्या पाकळ्या असतात आणि दोरीला हिसका बसला की सुरगाठ सुटते. पाकळ्या खाली येईपर्यंतचे दोन-तीन सेकंद, एवढाच आमचा अवधी. त्यातून पटांगण चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेले, त्यामुळे पावणेआठच्या सुमारास ऊन फक्त खांबाच्या टोकावर आणि मुले सावलीत. उजेड जास्त झाला तर झेंड्याचा पांढरा पट्टा फुटतो, म्हणजे नुसताच पांढराफटक येतो, आणि अशोकचक्राचे २४ आरे पुसट होतात, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, पांढऱ्यावर बेतले, शटर १/१००० सेकंद ठेवले आणि मुलांचे चेहरे काळवंडणार हे मान्य केले. रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमधून, ते थोडेफार उजळता येतात.

मुख्याध्यापिकाबाईंनी दोरी ओढली, पाकळ्या पडल्या आणि लगेच राष्ट्रगीत सुरू झाले. पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीच्या चष्म्याच्या काचेवर झेंडूची पाकळी चिकटली होती. ती नाक आक्रसत होती, डोळा मिचकावत होती, पण सावधानमधला हात काही वर आला नाही. मी गुडघा टेकून छायाचित्रे काढत राहिले. प्रशिक्षणार्थींना दिल्या जाणाऱ्या जुन्या डीएसएलआरचा आरसा प्रत्येक वेळी खाडकन आपटतो, हे कार्यालयात सांगून झाले आहे.

कार्यक्रम संपताच एका आजोबांनी मला गाठले. “५२ सेकंद कॅमेरा खाली ठेवला असता, तर काय बिघडले असते? याचा पगार मिळतो का तुम्हांला?” विद्यावेतनाचा आकडा मी सांगितला नाही. मोबाइल उंचावून चित्रीकरण करणाऱ्या पालकांना मात्र कोणी काही बोलले नाही. पुण्यात जाब विचारायला गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस बरा पडतो.

“आपण तिथे कामावर असतो,” असे आमचे ज्येष्ठ म्हणतात. १९७१च्या कायद्याने राष्ट्रगीतात हेतुपुरस्सर व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे आणि माझा तसा हेतू नव्हता, हेही खरे. पण आजोबा कायद्याचे बोलतच नव्हते. छायाचित्र छापून आले, त्या मुलीच्या शिस्तीचे कौतुक करणारी फोटोओळ मीच लिहिली, आणि तिच्यासारखी मीही सावधान उभी राहिले असते तर ती शिस्त कोणाला दिसली नसती, हे आजोबांना कसे पटवावे ते मला अजून सुचलेले नाही. पटवावे का, हेही ठरत नाही.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनालाही मला पाठवणार आहेत आणि तिथे राष्ट्रगीताच्या जोडीला राज्यगीतही असते. आवाज न करणारा मिररलेस कॅमेरा मिळावा म्हणून अर्ज दिला आहे; तो ज्येष्ठांच्याच बॅगेत राहील, असे दिसते.