एकच बघायची असेल तर

चेंबूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही अधूनमधून डॉक्युमेंटरी दाखवतो. माहुलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांकडून वारा आला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, म्हणून असेल, पण तेलावरच्या जरा जास्तच दाखवल्या गेल्या. मग चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, ‘एकच बघायची असेल तर कोणती?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. एक नाही, दोन बघा, आणि लागोपाठ बघा.

पहिली रॉबर्ट फ्लाहर्टीची ‘लुइझियाना स्टोरी’, १९४८ ची. माणसं तिथलीच, गोष्ट मात्र रचलेली. दलदलीत होडी वल्हवणारा एक पोरगा, त्याचं पाळलेलं रॅकून, आणि एक दिवस तिथे येऊन उभी राहिलेली रिग, म्हणजे तेलविहीर खोदणारा सांगाडा. विहीर उसळते, कामगार हात टेकतात, तर हा पठ्ठ्या नशीब उघडावं म्हणून तिच्यात मिठाची पुरचुंडी टाकतो आणि वर थुंकतो! तेल लागतं, घरात नवं भांडं येतं, पोराला बंदूक मिळते आणि रिग गुमान निघून जाते. डोळे निवावेत इतकी देखणी फिल्म आहे. पैसे स्टँडर्ड ऑइल या अमेरिकी तेल कंपनीचे. पडद्यावर कंपनीचं नाव कुठेच नाही, आणि माझ्या मते जाहिरातीची खरी करामत तीच.

ती संपली की लगेच मार्गारेट ब्राउनची ‘द ग्रेट इनव्हिजिबल’ (२०१४) लावा. लुइझियानासारखाच हाही मेक्सिकोच्या आखाताचा किनारा. २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोट झाला, ११ कामगार गेले, विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत राहिली. ब्राउन वाचलेल्या कामगारांच्या घरी जाऊन बसते. कालवं सोलून पोट भरणाऱ्यांच्या गावात जाते, तिथे आता काम नाही, भरपाईच्या अर्जांवरून डोकेफोड चाललीय. आणि मधेच ह्यूस्टनमध्ये सिगार ओढत गप्पा छाटणारे तेल कंपन्यांचे साहेब.

मुंबईकराला ही फिल्म परकी वाटू नये. जुहूहून हेलिकॉप्टरने चौदा-चौदा दिवसांसाठी ‘बॉम्बे हाय’ला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, जाणारा एखादा काका-मामा आपल्यात बहुतेकांच्या ओळखीत निघतो. तरी २७ जुलै २००५ म्हटलं की काय आठवतं? आदल्या दिवशीचा पाऊस. त्याच दिवशी बॉम्बे हायला, बोटं कापलेल्या एका आचाऱ्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर उतरवताना जहाज गॅसच्या पाइपला धडकलं, बघता बघता अख्खा प्लॅटफॉर्म आगीत गेला आणि २२ जण दगावले. शहर तेव्हा घरातला चिखल उपसत होतं. आमच्या हॉलमध्ये हा विषय निघाला तेव्हा अर्ध्याअधिक लोकांना ही आग ठाऊकच नव्हती.

व्हेर्नर हर्झोगची १९९२ ची ‘लेसन्स ऑफ डार्कनेस’ पुष्कळ जण सुचवतील. आखाती युद्धात पेटलेल्या कुवेतच्या तेलविहिरींची आहे, भव्य आहे, पण विहिरी कुणी पेटवल्या, कशासाठी, हे ती सांगतच नाही. मला ते खटकतं. बायकोला तेच आवडतं.

आणि इक्वेडोरच्या जंगलातल्या प्रदूषणाच्या खटल्यावरची जो बर्लिंजरची ‘क्रूड’ (२००९) नंतर कधीतरी बघा. न वापरलेलं चित्रण हवं म्हणून तेल कंपनीने दिग्दर्शकालाच कोर्टात खेचलं होतं. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने ठरवलं की गावकऱ्यांच्या वकिलाने इक्वेडोरमधला कंपनीविरुद्धचा निकाल लबाडीने मिळवला. तेलाच्या घाणीचे खड्डे मात्र कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतात. तिच्यासाठी अख्खा रविवार राखून ठेवा, कारण नंतरची वादावादी फिल्मपेक्षा लांबते.